पाचव्या लॅपला ब्रेक पेडल खाली जातं: मोठे कॅलिपर घेण्याआधी काय तपासायचं

तक्रार बहुतेक वेळा एकाच छापाची असते. ट्रॅकवर पहिल्या तीन-चार लॅपमध्ये गाडी मस्त थांबते. मग एका वळणाआधी पेडल नेहमीपेक्षा दोन बोटं जास्त खाली जातं, पुढच्या वळणाआधी आणखी थोडं, आणि पिटमध्ये येईपर्यंत पाय जवळजवळ मॅटला टेकतो. गाडी अर्धा तास उभी केली की सगळं पूर्ववत. घरी जाताना ब्रेक झकास! मग पॅड बदलून होतात, डिस्क बदलून होतात, आणि पुढच्या ट्रॅक डेला पुन्हा तेच.

माझ्या गाडीने हा खेळ माझ्याशी दीड वर्ष खेळला. शेवटी वैतागून मी चार पिस्टनचा मोठा ब्रेक किट घेतला. लाल कॅलिपर (पिस्टनने पॅड डिस्कवर आवळणारा भाग), खाचा पाडलेल्या डिस्क, सगळा थाट. त्यानंतर पेडल पाचव्याऐवजी सातव्या लॅपला गेलं. एवढ्या खटाटोपातून दोन लॅपची कमाई. नंतर कळलं की किट बसवताना त्यात रोजच्या वापराचं साधं डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल भरलं होतं, तेही शेल्फवर कित्येक दिवस उघड्या राहिलेल्या बाटलीतलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तेव्हापासून मी ब्रेकची खरेदी उलट्या क्रमाने करतो: आधी दुखणं नेमकं कुठे आहे ते शोधायचं, मग सगळ्यात स्वस्त आणि कंटाळवाण्या वस्तूपासून सुरुवात. कॅलिपरचा नंबर शेवटी.

आधी पायाला विचारा

"ब्रेक गेले" असं आपण दोन शब्दांत सांगून मोकळे होतो, पण पायाला जे जाणवतं ते दर वेळी वेगळं असतं आणि अर्धं निदान तिथेच होतं.

पेडल मऊ झालंय, स्पंजसारखं खोल जातंय, आणि पटापट दोन-तीनदा पंप केल्यावर थोडं वर येतंय? मग ऑइल उकळलंय. पेडल जागच्या जागी घट्ट आहे, पाय पूर्ण जोराने दाबतोय, जळका वास येतोय, पण गाडी थांबायचं नाव घेत नाही? मग पॅड तापून हरलेत, ऑइलचा दोष नाही. ही दोन दुखणी अगदी वेगळी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी, तरी दोन्हींना एकच नाव मिळतं, फेड. गोंधळाची सुरुवात बहुधा इथेच होते.

तिसरा प्रकार फसवा आहे. पेडल पहिल्यांदा दाबलं की खोल, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की अगदी नॉर्मल, आणि हे गाडी फारशी तापलेली नसतानाही होतं. विशेषतः कर्बवरून चाक उडवल्यावर किंवा लांब वळण जोरात घेतल्यावर. इथे डिस्क बाजूला हलून पॅड आणि पिस्टनला मागे ढकलतेय, त्यामुळे पहिला दाब ती फट भरण्यातच जातो. याला नॉकबॅक म्हणतात. चाक हातात धरून वर-खाली हलवून पाहा. बेअरिंगमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर कितीही भारी ऑइल भरा, काही फरक पडणार नाही.

गाडी उभी आहे, सगळं थंड आहे, पेडलवर सारखा दाब धरलाय आणि ते हळूहळू खाली सरकतंय, तर मास्टर सिलिंडरचे (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या सिलिंडरचे) सील गेलेत किंवा कुठेतरी गळती आहे. अशी गाडी ट्रॅकवर नेऊ नका, रस्त्यावरही नको. आणि पेडल पहिल्यापासून दगडासारखं असेल तर बूस्टरचा (व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाचा) व्हॅक्यूम तपासा: इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल मारा, दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पाय किंचित खाली गेला पाहिजे. नाही गेला तर व्हॅक्यूमची नळी, वन-वे व्हॉल्व्ह किंवा बूस्टर यांतलं काहीतरी नादुरुस्त आहे.

ही सगळी निरीक्षणं सेशन संपल्याबरोबर फोनमध्ये टिपून ठेवा. तासाभराने विचारलं तर प्रत्येकजण "मऊ लागत होतं बहुतेक" असंच सांगतो. मीही तेच सांगायचो.

उष्णता किती, याचा हिशेब एकदा करून पाहा

ब्रेक म्हणजे वेगाची उष्णता करणारं यंत्र. १५०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरला असते तेव्हा तिच्यात सुमारे ५८० किलोज्यूल ऊर्जा असते. वेग दीडपट करून १५० ला न्या, ऊर्जा सव्वादोन पट होते, १३०० किलोज्यूल. रस्त्यावर ब्रेक उत्तम आणि ट्रॅकवर बेकार का, त्याचं कारण वेगाच्या वर्गाच्या या पाढ्यात आहे.

आता सरळ रस्त्याच्या शेवटी १५० वरून ६० पर्यंत ब्रेक मारला असं धरा. जवळपास ११०० किलोज्यूल उष्णता तयार झाली. सव्वातीन लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते तेवढी, आणि ती तीन सेकंदांत. त्यातली ढोबळ ७० टक्के पुढच्या चाकांवर पडते असं मानलं तर पुढच्या प्रत्येक डिस्कच्या वाट्याला ३८० किलोज्यूल येतात. डिस्क ८ किलोची असेल तर एका ब्रेकमध्ये तिचं तापमान शंभरेक अंशांनी वर उडी मारतं. १० किलोची असेल तर ऐंशीच्या थोडं वर. एका लॅपमध्ये असे चार-पाच ब्रेक. मधल्या सरळ रस्त्यांवर डिस्क जेवढी थंड होते त्यापेक्षा जास्त तापली, की प्रत्येक लॅपला ती थोड्या वरच्या पायरीवर चढून बसते. म्हणूनच पहिले तीन लॅप छान जातात.

जड डिस्क तापायला वेळ लावते, पण तापमान शेवटी कुठे स्थिरावणार ते हवा किती मिळते यावर ठरतं. दहा मिनिटांच्या सेशनला वजन वाचवतं, अर्ध्या तासाच्या सेशनला हवा. डिस्क ब्रेकनी ड्रमला मागे टाकलं तेही याच जोरावर. १९५३ च्या २४ तासांच्या ल मान शर्यतीत जग्वार सी-टाइपने डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर विजय मिळवला, तोही ताशी १०० मैलांपेक्षा जास्त सरासरी वेगाने. ड्रम तापला की फुगतो आणि शूजपासून लांब जातो, त्यात उष्णता आत कोंडलेली. डिस्क उघड्या हवेत फिरते. तिचा मोठा गुण तोच.

ऑइल: सगळ्यात आधी आणि सगळ्यात दुर्लक्षित

ब्रेक ऑइलचे दोन आकडे बघायचे असतात. कोरं असतानाचा उत्कलनबिंदू आणि ३.७ टक्के पाणी शोषल्यानंतरचा. मानकातली किमान मर्यादा अशी: डॉट ३ साठी २०५ आणि १४० अंश सेल्सिअस, डॉट ४ साठी २३० आणि १५५, डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. रेसिंगसाठी म्हणून मिळणाऱ्या ऑइलचा कोरा आकडा ३०० च्या वर असतो. पाणी शोषण्याचं काम मात्र ही सगळी करतात, कारण ती ग्लायकॉलवर आधारलेली आहेत. रबरी होजमधून, टाकीच्या झाकणातून, बाटली उघडी राहिली तर थेट हवेतून.

म्हणजे दोन वर्षं जुनं डॉट ४ हे कागदावर २३० चं असलं तरी प्रत्यक्षात १५५ च्या जवळ येऊन बसलेलं असू शकतं. कॅलिपरमध्ये पिस्टनच्या मागचं ऑइल तेवढं तापलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, आणि तुमचा पाय डिस्क आवळायच्या ऐवजी बुडबुडे दाबत बसतो. गाडी थंड झाली की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि पेडल परत वर येतं. "पिटमध्ये आलो की काहीच सापडत नाही" याचं उत्तर हेच.

डॉट ५ मात्र वेगळी जात आहे. ते सिलिकॉनचं असतं, इतर कुठल्याही ऑइलमध्ये मिसळत नाही आणि एबीएसवाल्या (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा असलेल्या) गाडीत घालायचं नसतं. आकडा मोठा दिसला म्हणून उचलू नका. ५ आणि ५.१ यांच्यामध्ये नावापलीकडे काही नातं नाही.

ऑइल बदलताना तीन चुका मी स्वतः केल्यात. पहिली, टाकीतलं वरचं ऑइल उपसून नवं भरलं आणि ऑइल बदललं असं समजलो. उकळतं ते कॅलिपरमधलं, आणि ते तिथेच राहिलं. दुसरी, जुन्या गाडीत हवा काढताना मित्राला पेडल थेट तळापर्यंत दाबायला सांगितलं. मास्टर सिलिंडरचा जो भाग रोज वापरात येत नाही तिथे गंज आणि गाळ बसलेला असतो. त्यावरून सील घासले की फाटतात. आठवड्याभरात मास्टर सिलिंडर झिरपायला लागला. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, झालं. तिसरी चूक सांगायला लाज वाटते: किटचे कॅलिपर डावे-उजवे उलटे लागले होते आणि ब्लीडिंगचं, म्हणजे हवा काढायचं, निपल खालच्या बाजूला होतं. हवा वर जाते, निपल खाली, मग ती निघणार कशी? अर्धा दिवस "दाब, धर, सोड" करत बसलो.

रस्त्यावरच्या गाडीला दोन वर्षांनी ऑइल बदललं तरी चालतं. ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला मी हंगामाच्या सुरुवातीला पूर्ण बदलतो आणि प्रत्येक ट्रॅक डेच्या आधी चारही कॅलिपरमधून थोडं-थोडं काढून टाकतो. उरलेली बाटली रस्त्याच्या गाडीला किंवा क्लचला जाते, पुढच्या ट्रॅक डेला नाही.

स्टीलच्या जाळीच्या होजबद्दल एवढंच: पेडल थोडं घट्ट होतं, पाय काय करतोय ते स्पष्ट कळतं. रबरी होज जुने असतील तर जरूर बदला. पण त्याने एक अंशही उष्णता कमी होत नाही. मऊ पेडलचं कारण उकळलेलं ऑइल असेल तर नवे होज लावूनही ते मऊच राहणार.

पॅड

पेडल घट्ट आणि गाडी सुसाट, या दुखण्याचं औषध पॅड. रस्त्यावरचा पॅड थंड असताना पटकन पकडावा, आवाज करू नये, डिस्क खाऊ नये अशा हिशेबाने बनवलेला असतो. त्याच्या पट्ट्याबाहेर तो तापला की त्यातलं रेझिन जळून वायू सुटतो, घर्षण कोसळतं. नवाकोरा पॅड न बेडवता (डिस्कवर आधी न बसवून घेता) थेट ट्रॅकवर नेला तर हे पहिल्याच लॅपला होतं.

पॅडच्या पाठीवर किंवा कडेला दोन अक्षरांचा कोड छापलेला दिसतो, एफएफ किंवा जीजी असा. एफ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५, पहिलं अक्षर कमी तापमानाचं, दुसरं गरम असतानाचं. हा कोड पाहून ट्रॅकचा पॅड निवडणारे बरेच भेटतात. पण ही चाचणी पॅडच्या छोट्या तुकड्यावर होते आणि साधारण ३४० अंशांच्या पुढे जातच नाही. तुमची डिस्क ५०० ला असेल तेव्हा तो पॅड काय करेल, याबद्दल ती दोन अक्षरं गप्प आहेत. उत्पादकाचा तापमान आणि घर्षणाचा आलेख मागा. तो देत नसेल तर पुढचं दुकान बघा.

उलटी चूकही तितकीच वाईट. पूर्ण रेसिंगचा पॅड रोजच्या गाडीत घातला की सकाळी पहिल्या सिग्नलला छातीत धस्स होतं, कारण थंड असताना तो नीट पकडतच नाही. शिवाय बससारखा किंचाळतो, आणि त्याची धूळ रिमवर ओल्यात राहिली तर रंग खाते. मी ट्रॅकला पॅड बदलून जातो आणि येताना परत बदलतो. बहुतेक कॅलिपरमध्ये हे अर्ध्या तासाचं काम आहे. फक्त एक सांभाळायचं: दोन वेगळ्या मिश्रणांचे पॅड एकाच डिस्कवर आलटून-पालटून वापरले तर जुना थर आणि नवा पॅड यांचं जमत नाही आणि थरथर सुरू होते. एकाच घराण्यातले दोन पॅड घ्या, नाहीतर डिस्कचाही वेगळा जोड ठेवा.

बेडिंग म्हणजे पॅडचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर चढवणं. प्रत्येक उत्पादकाची रीत थोडी वेगळी असते, तीच पाळा. माझी ढोबळ पद्धत: मोकळा रस्ता किंवा ट्रॅक बघून ताशी १०० वरून २०-३० पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम जोराने ब्रेक, मध्ये पूर्ण थांबायचं नाही, आणि शेवटी ब्रेकला पाय न लावता दहा मिनिटं गाडी फिरवायची. डिस्कचा चकचकीत रंग जाऊन फिकट निळसर-करडा सारखा रंग आला की झालं.

"डिस्क वाकल्यात" ही अफवा

स्टिअरिंग थरथरतं, ब्रेक दाबला की पेडल पायाखाली धडधडतं. निदान सगळीकडे एकच: डिस्क वाकल्या, बदला. मीही बदलल्या, तीन वेळा. दर वेळी दोन-तीन हजार किलोमीटर छान जायचे आणि थरथर परत यायची. हे परत येणंच खरं तर खूण होती, मला वाचता आली नाही.

बहुतांश वेळा डिस्क वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. एक-दोन शतांश मिलिमीटरचा फरकही पायाला कळतो. हा फरक दोन वाटांनी येतो. एक, तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून धरला तर तिथे पॅडचा ठसा उमटतो. सेशन संपवून पिटमध्ये येऊन ब्रेकवर पाय ठेवून उभं राहणं ही त्याची हुकमी रीत. ठशाच्या जागी घर्षण जास्त, म्हणून ती जागा जास्त तापते, आणि पुरेशी तापली तर तिथल्या ओतीव लोखंडाची रचनाच बदलून कडक डाग तयार होतो. तो लेथवर घासूनही पूर्ण जात नाही, कारण डाग पृष्ठभागाखाली उतरलेला असतो.

दुसरी वाट जास्त लबाड आहे, आणि माझ्या गाडीत तीच होती. चौथ्यांदा डिस्क मागवण्याआधी एकाने सुचवलं की जुनी उतरव आणि हब (ज्यावर डिस्क आणि चाक बसतं तो भाग) बघ. डिस्क काढली. हबच्या तोंडावर, एका बोल्टशेजारी, नखाएवढा गंजाचा पापुद्रा घट्ट चिकटलेला होता. नखाने निघेना, तारेच्या ब्रशने निघाला. तो तिथे असताना डिस्क किंचित तिरकी बसत होती. हबवर केंद्रापासून ६० मिलिमीटरवर असलेला पापुद्रा डिस्कच्या कडेला, १५० मिलिमीटरवर, अडीचपट होऊन दिसतो. डायल गेज लावून फिरवलं तेव्हा काटा ०.१२ मिलिमीटर हलत होता. हब घासून पुन्हा बसवल्यावर ०.०३.

तिरकी डिस्क पहिल्या दिवशी थरथरत नाही, कारण तिची जाडी सारखीच असते आणि कॅलिपर तिच्याबरोबर सरकतो. पण ब्रेक न दाबता गाडी चालते तेव्हा तिचा बाहेर आलेला भाग दर फेऱ्याला पॅडला घासून जातो. हजारो फेऱ्यांनी तिथे झीज होते किंवा थर साचतो, आणि दोन-तीन हजार किलोमीटरनी थरथर हजर. नवी डिस्क लावली की घड्याळ पुन्हा शून्यावर. पापुद्रा मात्र जागेवरच.

म्हणून डिस्क बदलताना हब घासणं, गेज लावणं आणि चाकाचे नट तिरक्या क्रमाने टॉर्क रेंचने आवळणं ही तीन कामं मी आता दुसऱ्या कुणावर सोडत नाही. एअर गनने एकेक नट धाडधाड आवळला तर सरळ हबवरही डिस्क ताणात बसते.

आता कॅलिपर

आधी एक कसोटी. गाडी आणि ब्रेक थंड असताना, सुरक्षित जागी, जोरात ब्रेक मारा. एबीएस लागतं का? लागत असेल तर तुमचे ब्रेक आत्ताच टायरपेक्षा ताकदवान आहेत. मोठ्या कॅलिपरने गाडी पहिल्या थांब्याला एक मीटरही आधी थांबणार नाही; ते काम टायरचं. मोठे ब्रेक विकत देतात ते दहाव्या थांब्याचं सातत्य.

पिस्टनची संख्याही फसवी आहे. सरकत्या कॅलिपरमध्ये एकाच बाजूला ५७ मिलिमीटरचा एक पिस्टन असतो असं धरा. क्षेत्रफळ सुमारे २५५० चौरस मिलिमीटर. चार पिस्टनच्या स्थिर कॅलिपरमध्ये एका बाजूला ३८ आणि ४२ चे दोन असतील तर दोघांचं मिळून २५२०. सरकत्या कॅलिपरची पकड आणि स्थिर कॅलिपरच्या एका बाजूची पकड यांची तुलना करायची असते, म्हणजे त्याच पेडलदाबाला दोन्ही कॅलिपर जवळजवळ सारखंच आवळतात. चार आकडा ऐकून आपण चौपट ताकद गृहीत धरतो. चार पिस्टनचा खरा फायदा दुसरीकडे आहे: पॅड लांब आणि मोठा असतो, दाब त्यावर सारखा पडतो, कॅलिपर कमी फाकतो. आणि पिस्टन लहान-मोठे असतात, कारण डिस्क ज्या बाजूने पॅडखाली शिरते ती बाजू जास्त झिजते. लहान पिस्टन तिथे हवा. कॅलिपर उलटे लागले तर हेही उलटं होतं.

पुढच्या पिस्टनचं क्षेत्रफळ खूप वाढवलं तर दोन गोष्टी होतात. मास्टर सिलिंडर तोच असल्याने मोठ्या पिस्टनना लागणारं जास्तीचं ऑइल ढकलायला पाय जास्त खोल जातो, म्हणजे घट्ट पेडलसाठी खर्च करून लांब पेडल मिळतं. आणि पुढची चाकं जास्त काम करू लागतात, मागची आळसावतात; पुढे एबीएस लवकर लागतं आणि गाडी कारखान्यातल्यापेक्षा लांब थांबू शकते. विक्रेत्याला पिस्टनचे व्यास विचारा, तुमच्या मूळ कॅलिपरचे मोजा, आणि वरचा गुणाकार स्वतः करा. डिस्क ३०० वरून ३३० झाली तर नुसत्या लांब तरफेमुळे पुढची पकड दहाएक टक्के वाढते, तेही त्यात धरा. किट घेण्याआधी पुठ्ठ्याचा साचा कापून चाकाच्या स्पोकआत बसतो का ते पाहणं एवढं बाळबोध आहे की ते हमखास राहून जातं.

भोकं पाडलेल्या डिस्क ट्रॅकसाठी घेऊ नका, भोकांच्या कडेपासून तडे जातात. खाचा चालतात, त्या पॅडचा पृष्ठभाग खरवडून ताजा ठेवतात, पॅड थोडा लवकर संपतो. मात्र आतल्या पंखांची दिशा बघा. वाकडे पंख असतील तर ते फिरण्याच्या दिशेच्या उलट, मागे झुकलेले हवेत, म्हणजे केंद्रातून हवा ओढून कडेने बाहेर फेकतात. लोक वरच्या खाचा बघून डावं-उजवं ठरवतात आणि पंप उलटा फिरतो.

हवा आणि रंगाच्या तीन रेघा

हवेची नळी डिस्कच्या चेहऱ्यावर मारायची नसते. ती केंद्राकडे, पंखांच्या तोंडाशी द्यायची, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या थंड होतात. एकाच बाजूला गार हवा लागली तर डिस्क एका अंगाने तापलेली राहते.

तापमान मोजायला लेझरची पिस्तूल घेऊन धावू नका, चकचकीत लोखंडावर ती कमी आकडा दाखवते, आणि पिटमध्ये येईपर्यंत डिस्क उतरलेली असते. तापमानाचे रंग मिळतात, ते डिस्कच्या बाहेरच्या कडेला रेघ ओढून लावायचे. नेहमीच्या संचात हिरवा ४३० अंशांना पांढरा होतो, नारंगी ५६० ला पिवळा, लाल ६१० ला पांढरा. कॅलिपरवर तापमानाची चिकटपट्टी लावली की ऑइलच्या आसपास किती झालं तेही कळतं. एका दिवसात एवढी माहिती मिळते की पॅडचा आलेख हातात धरून निवड करता येते.

मागचे पॅडही बघत जा. आधुनिक गाड्यांत स्टॅबिलिटी कंट्रोल चालू असेल तर ते वळणात, तुम्ही ब्रेक न दाबताही, एकेक चाक पकडत राहतं. "मागचे पॅड एका दिवसात संपले, मागचा कॅलिपर अडकलाय" अशी तक्रार आली की मी आधी ते बटण विचारतो.

सध्या माझ्या गाडीवर मूळ एक-पिस्टनचे कॅलिपर परत आहेत, साध्या डिस्क, ट्रॅकचे मध्यम पॅड, ३०० च्या वरचं ऑइल आणि पुढच्या दोन्ही बाजूंना नळ्या. वीस मिनिटांची सेशन्स पेडल न हलता होतात. हिरवी रेघ पांढरी झाली होती, नारंगी तशीच. मग मागच्या महिन्यात चिकट टायर घातले, ब्रेक उशिरा आणि जोरात मारू लागलो, आणि शेवटच्या सेशननंतर नारंगी रेघ पूर्ण पिवळी सापडली. लाल शाबूत. डिस्कला आता खरोखरच वजन हवंय. माळ्यावरचा लाल किट खाली काढलाय, पिस्टन तेच ३८ आणि ४२ चे, त्यामुळे पेडलची चिंता नाही. दहा टक्के जास्तीची पुढची पकड मागे थोडा जास्त पकडीचा पॅड घालून सांधायची. हब घासून झालेत. निपल या वेळी वरच्या बाजूला आहेत, दोनदा पाहिलं.